शेजाऱ्याकडे पाटी

“...आणि माझ्याच मुलीचा नंबर गेला तर, गुरुजी?”

धुरी गुरुजी पडवीत सुपाऱ्या सोलत बसले होते.

पाचवीच्या शिष्यवृत्तीचा सराव आमच्या शाळेत दर रविवारी होतो. यंदा नदीपलीकडच्या शाळेने विचारलं, आमची चार मुलं बसवून घ्याल का? तिथे एकच बाई आहेत, सगळे वर्ग त्याच सांभाळतात. उद्या आमच्या पालक समितीची बैठक होती आणि मी ‘नको’ म्हणणार होते.

तेच बरोबर आहे, एवढं गुरुजींच्या तोंडून ऐकायला आले होते. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. त्याच पलीकडच्या शाळेत. समितीत हे मी कधी बोललेली नाही.

यादी एकच, जागा मोजक्या, असं मी समजावत राहिले. त्या चौघांतली एक मुलगी गणितात फार पुढे आहे. तिला आपणच तयार करायचं आणि मग आपल्या ईराने...

वाक्य पुरं झालं नाही. भाजीवालीशी घासाघीस करताना लागतो, तसा माझा आवाज लागला होता.

“पट किती उरलाय तिथे?” गुरुजींनी विचारलं.

“अकरा.”

“तू होतीस तेव्हा?”

“त्रेसष्ट.”

“पुढच्या वर्षी बंद करतील म्हणतात,” मी म्हटलं. त्यात आपला काही हात नाही, अशा सुरात.

गुरुजी उठून आत गेले. कोपरा फुटलेली एक पाटी आणि पेन्सिलीचा तुकडा घेऊन आले. समोरच्या लांब चटईकडे बोट दाखवलं. मी एम.एस्सी. आहे, तरी निमूट बसले.

“सतरा गुणिले चोवीस. बोटं मोजायची नाहीत.”

मी लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं.

“बरोबर आहे का, गुरुजी?”

“मी कधी तपासायचो?”

नव्हते तपासत. विसरलेच होते मी. त्रेसष्ट पाट्या एकटा माणूस कुठे बघणार? उदाहरण झालं की आपली पाटी शेजाऱ्याने तपासायची, त्याची आपण. माझ्या शेजारी मंजुळा असायची. मी हातचा विसरायचे, ती हसायची आणि मुकाट्याने खूण करून पाटी परत द्यायची.

गणितात पुढे असलेली ती मुलगी मंजुळाची.

पाटीवरचा आकडा मी पुन्हा पाहिला. हातचा घेतला होता की राहिला... खात्री वाटेना. पडवीतला उजेडही उतरत चालला होता.

गुरुजींनी हातातली सुपारी खाली ठेवली. माझ्या बाजूच्या रिकाम्या चटईवरून, पार टोकापर्यंत नजर फिरवली आणि भरल्या वर्गाला सांगावं तसं म्हणाले,

“झालं सगळ्यांचं? द्या आता पाटी शेजाऱ्याकडे.”