सोनवडीच्या पुलाची पाचवी कमान

पिंपळदऱ्याजवळ सोनवड नदीवर रेल्वेचा जो दगडी पूल उभा आहे, त्याला नऊ कमानी आहेत. वाटाडे आठ सांगतात. पाहुण्यांनी स्वतः मोजून घ्याव्यात. काठावरून पाहिले असता पाचव्या कमानीचे दगड इतरांहून फिकट दिसतात. ती कमान दोनदा बांधली गेली, असे गावातील वृद्ध सांगतात.

इंग्रजांच्या राणीच्या काळातील ही गोष्ट. सुभानजी हा पुलाचा मुख्य गवंडी. त्याची पत्नी ठकूबाई चुन्याची घाणी सांभाळत असे. बैल दगडी चाक ओढी आणि ती गुळाचे पाणी घालून चुना दळून घेई. दळलेला चुना महिनाभर मुरल्यावाचून ती कोणालाही हात लावू देत नसे, म्हणे.

त्या वर्षी पावसाळ्यापूर्वी गाडी पुलावरून गेली पाहिजे, असे रेल्वेच्या इंग्रज साहेबाने बजावले आणि सुभानजीने शब्द दिला. पाचव्या कमानीसाठी त्याने आठच दिवसांचा चुना उचलला.

"धनी, कच्चा हाय त्यो," ठकूबाई म्हणाली. "बोटाला अजून चिकटतोय."

"आता दगड लावायचा तुला इचारून? मग उद्या घाणीच्या बैलालाबी इचारतो!"

सगळे गवंडी हसले. ठकूबाई घाणीकडे परतली.

कमान ज्या लाकडी साच्यावर रचली जाते, तो साचा काढताना मुख्य गवंड्याने कमानीखाली उभे राहावे, असा गवंड्यांचा रिवाज होता. कामाची हमी स्वतःच्या देहाने द्यायची. ठरल्या दिवशी सुभानजी उभा राहिला. तेवढ्यात पदर खोचून ठकूबाई त्याच्या शेजारी आली.

"तू व्हय बाजूला," तो म्हणाला.

"दगड तुमचा, चुना माझा. निम्मी कमान माझी हाय."

साच्याच्या पाचरी निघाल्या. कमान क्षणभर तशीच राहिली, असे सांगतात. तेवढ्या क्षणात ठकूबाईने सुभानजीला वाळूत ढकलून दिले. तिला स्वतःला मात्र निघता आले नाही.

सुभानजीने ती कमान पुन्हा बांधली. साहेब संतापला, पावसाळा येऊन गेला, तरी चुना पुरता मुरेपर्यंत त्याने दगड हलवला नाही. रोज सकाळी तो घाणीपाशी जाऊन विचारी, "लावू का?" आणि उत्तराची वाट पाहत उभा राही. या खेपेस साचा निघाला, तेव्हा कमानीखाली तो एकटाच होता. कमान टिकली. त्यानंतर त्याने थापी हाती धरली नाही, म्हणे.

गावात आता चुन्याची घाणी नाही. सर्वत्र सिमेंट आले आहे. तरीही पिंपळदऱ्यात कोणाचेही घर बांधायला घेतले, की गवंडी पहिला दगड उचलून थांबतो आणि माल कालवणाऱ्या बाईला विचारतो, "लावू का?" आजही एखादी नवखी सून लाजते, उत्तर द्यायला वेळ लावते. तोवर दगड कितीही जड असला, तरी तो खाली ठेवला जात नाही, आणि कोणी हसतही नाही.