सन्मतीची जागा

एका गावात एक शालाबाई मगदूम राहत होती. तिचा मिरची कांडायचा डंक होता, आणि तिची जीभ त्या डंकातल्या मिरचीपेक्षा तिखट. गाव फुटबॉलचं वेडं. तिथलं पोर चालायला शिकतं तेच मुळी बॉलच्या मागं.

त्या गावाची एक रीत होती. हायस्कूलनं मॅच जिंकली की गोल मारणाऱ्या पोराला खांद्यावर घ्यायचं, गुलाल उधळायचा आणि मिरवणूक त्याच्या दारात नेऊन थांबवायची. मग आईनं ताट घेऊन बाहेर यायचं आणि सगळ्या गल्लीदेखत पोराला ओवाळायचं.

शालाबाईचा सन्मती टीममध्ये होता. पण खेळायचा बॅकला, म्हणजे आपल्या गोलापुढं उभं राहून समोरच्यांना अडवायचा. बॅकला कोण खांद्यावर घेतो? मिरवणूक शालाबाईच्या दारावरून वाजतगाजत जायची आणि शेजारच्या कुसुमच्या दारात थांबायची. तिचा प्रीतम गोल मारायचा ना. ओवाळता ओवाळता कुसुम हळूच इकडं बघून घ्यायची, आणि शालाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

“शेताच्या राखणीला ठेवल्यागत मागं काय उभा राहतोस?” असं ती पोराला उठता बसता विचारायची. तो म्हणायचा, ती माझी जागा आहे, मला आवडते. आवडते म्हणे. ह्या वयात पोरांना काय, चिंचेवर बसायलाही आवडतं.

शेवटी एक दिवस डंक बंद ठेवून ती शाळेत गेली. खेळाच्या कांबळे सरांना तिनं पटांगणावरच गाठलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. माझं पोर काय लंगडं आहे का, त्याला मागं का टाकलंत, आम्ही काय कुणाचं घोडं मारलंय. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “घेतो पुढं. त्याच्या जागी कुणाला उभं करू, तेवढं तुम्हीच सांगा.”

एवढंच ना, म्हणून शालाबाई थेट कुसुमकडं गेली. प्रीतमनं लई गोल मारले, आता जरा मागं खेळू दे, असं गोडीत सांगून बघितलं.

कुसुम म्हणाली, “तुझ्या पोराला नको झालेली जागा माझ्या दारात आणून टाकतीस होय गं?”

गल्लीत बातमी पसरायला किती वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत सगळ्या आयांना जाग आली. ज्यांना कालपर्यंत आपलं पोर कुठं खेळतं हेही माहीत नव्हतं, त्यासुद्धा सरांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. प्रत्येकीचं पोर पुढंच पाहिजे. गोलकीपरच्या आईनंही विचारून घेतलं, निदान अर्धा वेळ तरी? सरांनी हात टेकले. म्हणाले, खेळा बाबांनो, आईला आवडेल तिथं.

पुढच्या मॅचला दाणे टाकल्यावर कोंबड्या धावाव्यात तशी सगळी पोरं बॉलवर धावली. समोरच्या शाळेनं मोकळ्या मैदानातून येऊन हवे तेवढे गोल मारले. सन्मती दोनदा मागं पळाला. दोन्ही वेळा शालाबाई बाहेरून ओरडली, पुढं हो, पुढं हो. तो थांबला, आणि बॉल त्याच्या शेजारून गोलात गेला.

घरी येऊन त्यानं बूट कोपऱ्यात टाकले. उद्यापासून खेळणार नाही, म्हणाला.

“नको खेळूस. मी मरमर करते ती कुणासाठी?” शालाबाई करवादली. “तू पुढं जावंस म्हणूनच ना?”

“आई, तू मॅचला येतीस आणि बॉल बघतीस. बॉल प्रीतमकडं असतो, म्हणून तू प्रीतमला बघतीस. मला तू अजून एकदाही बघितलं नाहीस.”

एवढं बोलून तो आत गेला. शालाबाई कोपऱ्यातल्या बुटांकडं बघत बसली.

सकाळी ती परत शाळेत गेली. माफी वगैरे मागायची तिला सवय नव्हती. पोराला होता तिथंच ठेवा, एवढं सरांना सांगितलं. मग गल्लीच्या तोंडाशी उभी राहून बाकीच्या आयांनाही तिनं बजावलं, की मी खुळ्यागत वागले, तुम्ही तरी शहाण्या व्हा. ती चूक कबूल करते आहे हे बघूनच बायकांनी आपला हट्ट सोडला. मग तिनं कोपऱ्यातले बूट पुसून पोरापुढं ठेवले. त्यानं ते घातले.

पुढच्या मॅचला शालाबाईनं बॉलकडं बघायचंच नाही असं ठरवलं. ती नुसती सन्मतीला बघत राहिली. बॉल लांब असतानाही तो सारखा हलत होता. हातानं खुणा करून पोरांना जागेवर आणत होता. दुसऱ्या शाळेचं पोर धावत आलं की ह्याला आधीच कळायचं आणि हा वाटेत हजर असायचा. एकदा तर तो अंग टाकून घसरत गेला, बॉल काढला आणि गुडघा सोलून उठला. शालाबाईनं नकळत आपलाच गुडघा चोळला.

इतक्यात मैदानावर एकच गलका झाला. कुसुमनं येऊन तिचा दंड धरला.

शालाबाईनं नजर न हलवता विचारलं, “काय झालं गं?”

“अगं, आपला गोल झाला.”

“व्हय? कुणी मारला?”

तात्पर्य: पोराला पुढं ढकलण्याआधी ते उभं आहे ती जागा डोळे उघडून बघावी. आपली हौस आणि पोराची वाट एक नसते.