पाठीवरचं घर

आटपाट गावाच्या मशिदीमागे हौद होता. तिथल्या मुंग्या रमजानात आपल्या साठ्यातल्या खजुराची जकात गरिबांना वाटत. एका वर्षी गरीब कोण, यावरून भांडण झालं. मुंगळेचाचांनी जाहीर केलं, "ज्याला घर नाही, तो गरीब."

सकीनाबी गोगलगायीकडे रोजा सोडायला पानाचा तुकडाही नव्हता. ती सरपटत रांगेत आली.

"आपा, पक्कं घर पाठीवर घेऊन जकात मागता?" चाचा म्हणाले. "आधी ते विका."

"विकलं तर मी मरेन, चाचा."

"मग मेल्यावर या. तेव्हा अडचण राहणार नाही."

तिच्यामागे मासे खाऊन तट्ट फुगलेला बगळा एका पायावर उभा होता. "बिचारा बेघर, त्यात पायही एकच!" म्हणत चाचांनी त्याला दुप्पट वाटा दिला.

सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली. बगळ्याने खजूर चाखला आणि तोंड वाकडं करून थुंकून टाकला. तो खजूर नेमका सकीनाबीपुढे पडला. तिने बिस्मिल्ला म्हणून तोंड लावलं.

चाचा धावले. "आपा, घरवाल्यांना जकात चालत नाही!"

"ही जकात कुठे, हे बगळ्याचं उष्टं," चघळत सकीनाबी म्हणाली. "ते खायला घर असलं तर चालतं ना?"