ताक गेलं, मार राहिला

पूर्वी वेत्रपूर नगरात मणिरथ राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व प्रधानाच्या कुळात जन्मला आणि पुढे स्वतः प्रधान झाला. राजा मनाने भला, पण आपल्या न्यायावर फार खूश. बायकोला मारणाऱ्याच्या घरची गाय राजाच्या गोठ्यात जमा करायची, असा त्याचा नियम होता. बघता बघता गोठा भरला आणि मग तक्रारी थांबल्या. घरोघरी सुख नांदते आहे असे समजून राजाने गाईंची शिंगे चांदीने मढवून मोठा उत्सव करायचे ठरवले.

बोधिसत्त्वाला ही शांतता खरी वाटेना. तो बुरूडआळीत गेला. तिथे चापा नावाची बुरडीण सुजल्या डोळ्याने टोपली विणत बसली होती.

"बाई, तक्रार का केली नाहीस?" त्याने विचारले.

"एकदा केली व्हती, प्रधानजी. मारलं नवऱ्यानं अन् गाय नेली महाराजांनी. मार हाय तसाच हाय, लेकरांच्या तोंडचं ताक तेवढं गेलं."

बोधिसत्त्वाला हसूही आले आणि वाईटही वाटले. त्याने तिचे बोलणे जसेच्या तसे राजाला सांगितले. राजा खजील झाला. "मग करू तरी काय?"

"महाराज, गाय बाईला परत द्या. उत्सवाच्या धनातून एक घर बांधा. मार खाणारी बाई लेकरांसह तिथे निर्धास्त राहील. मारणाऱ्याने राजगोठ्यात शेण काढावे. आणि आळीआळीत जाणती माणसे पगारावर नेमा. आवाज चढला की त्यांनी लगेच दार ठोठावावे."

घर उभे राहिले. चापा लेकरांना आणि गाईला घेऊन तिथे आली. तिचा नवरा गोठ्यात गेला. तिथली म्हातारी गवळण त्याला पाठ टेकू देईना! पण थोड्याच दिवसांत राजद्वारी तक्रारींची रीघ लागली. दरबारी म्हणाले, "घर बांधले आणि भांडणे वाढली. बंद करा ते." राजाही डळमळला.

बोधिसत्त्व म्हणाला, "भांडणे होतीच, महाराज. आता ती आपल्या कानी आली. गावात वैद्य आल्यावर रोगी दिसू लागले, म्हणून वैद्याला कोणी हाकलते का?"

राजा स्वतः ते घर पाहायला गेला. चापा भीत भीत पुढे आली. "महाराज, ह्ये दार लागलं तर मला पुन्हा त्याच्याच दारात जावं लागंल."

राजाला ते फार लागले. तरी खजिन्याची काळजी सुटेना. "पण बाई, हा खर्च किती वर्षे करायचा?"

"ह्ये घर ओस पडंस्तोवर, महाराज."

राजा खळखळून हसला आणि तिच्याच शब्दांत हुकूम देऊन परतला.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आजचा आपला भिक्षू आनंद आणि चापा ही आपली भिक्षुणी उत्पलवर्णा. शेण काढता काढता निवळलेला तो नवरा म्हणजे मागे बसून मघापासून हसणारा भिक्षू उदायी. प्रधान मी होतो. दुःखिताला नुसता न्याय देऊन जी थांबत नाही, निवाराही देते, तिला करुणा म्हणतात."