हंगेरीच्या पाहुण्याची हळद

एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव रंगनाथ. हळद संशोधन केंद्रात नोकरीला. सांगितलेलं तंतोतंत करायचं, एवढीच त्याची खोड.

त्या भागातली हळद कूज लागून मरत होती. केंद्रातला एक वाफा तेवढा टिकला होता. का टिकला, ते शोधायचं तर हंगेरीचा शास्त्रज्ञ इकडे यायला हवा होता आणि केंद्राच्या ढमढेरे मॅडम तिकडे जायला हव्या होत्या. त्यासाठी मॅडमनी अनुदान मागितलं होतं. त्या वाफ्यावर त्यांचा जीव होता.

"अनुदानवाल्या साहेबांचा फोन येईल," मॅडम म्हणाल्या. "सगळं चांगलं चांगलं सांग."

फोन आला. "हळदीला रोग किती आहे?"

"छ्या! रोग कसला? एकदम झकास!"

"मग पैसे कशाला पाहिजेत?" साहेबांनी फोन आपटला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, कुजकं असेल ते आधी दाखवावं, तेव्हा पैसे मिळतात!"

"आता ध्यानात ठेवतो."

मॅडमनी हातापाया पडून साहेबांना केंद्र बघायला बोलावलं. रंगनाथने त्यांच्यापुढे कुजकी केळी ठेवली. कालचा चहा दिला. बसायला मोडक्या पायाची खुर्ची दिली. साहेब धाडकन आडवे झाले. "या केंद्राला पैशांची फारच गरज आहे," असं कण्हत म्हणाले आणि अनुदान मंजूर करून गेले.

मॅडम तरीही भडकल्या. "पाहुण्याला आपल्याकडचं सगळ्यात चांगलं द्यावं! कळलं?"

"कळलं."

"आता हंगेरीवाल्यांचा माणूस आपल्याकडे राहायला येईल आणि मी त्यांच्याकडे जाईन."

"म्हंजी साटंलोटं?"

मॅडम घाईत होत्या. "हो बाबा, तसंच समज."

पाहुणा आला त्या दिवशी मॅडम तालुक्याला गेल्या होत्या. परतल्या, तर केंद्राच्या दारात हलगी कडाडत होती. बायका गाणी म्हणत होत्या. हंगेरीचे शास्त्रज्ञ मुंडावळ्या बांधून पाटावर बसले होते, कानापर्यंत पिवळेधमक आणि भलतेच खुशीत.

मॅडमनी रंगनाथला बाजूला ओढलं. "रंगनाथ, ही हळद कुठली?"

"आपल्या वाफ्यातली. सगळ्यात चांगली तीच न्हवं? समदा वाफा खणला, एक गड्डा म्हणून मागं ठेवला न्हाई."

मॅडम मटकन खाली बसल्या आणि धाय मोकलून रडू लागल्या. ते बघून रंगनाथच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्याने हळदीची वाटी पुढे केली.

"रडू नका, मॅडम. सासरी जाताना समद्यांनाच रडू येतं. ही तुमच्या वाटणीची. गाल पुढं करा."