तुटक रेघेचा पट

एका राज्यात धूम्रकेश नावाचा जादूगार होता. त्याने दोन मायापट, म्हणजे जादूचे नकाशे, विणले. पटाला गावाचे नाव सांगावे, की वाट उजळून दिसे. एक पट त्याने आपल्या राजाला, वीरधवलाला दिला. दुसरा शेजारच्या रणधीर राजाला. मधले सावळखोरे कोणाचे, यावरून दोघांचा सात पिढ्यांचा तंटा होता. धूम्रकेशाला दोघांचीही मर्जी हवी होती. म्हणून सीमेची रेघ त्याने दोन पटांवर दोन जागी ओढली. वीरधवलाच्या पटावर खोरे त्याच्या राज्याच्या पिवळ्या रंगात दिसे, रणधीराच्या पटावर तेच खोरे त्याच्या निळ्या रंगात.

पण खोट्या रेघेला शाप असतो. ती पटावर जिथून जाई, तिथले जग विरून जाई. आधी खोऱ्यातली विहीर गेली. मग चिंचेची सावली गेली. झाड तेवढे राहिले.

वीरधवलाच्या दरबारात तमालिनी नावाची मुलगी पट रंगवी. तिची आई खोऱ्यात राही. एका सकाळी रेघ सरकत आईच्या घरावर आलेली तिने पाहिली. ती धावत घरी गेली. अर्धे घर नव्हते.

"चूल गेली गं," आई म्हणाली. "तवा वरच होता. सूर्य मावळेपर्यंत माझीही पाळी येणार."

नदीकाठची टिटवी बोलली, "मुली, तीन कामे कर. दोन्ही काठांची माती एका शाईत कालव. डोहातल्या नागाकडून लेखणी आण. आणि दोन्ही राजांना एकच पट दाखव."

"तिसरे कसे जमेल? मला चारचौघांत बोलता येत नाही."

"पट बोलेल. तू नुसता धर."

तिने शाई कालवली. डोहात उतरली. नाग म्हणाला, "या लेखणीने खोटे काढले, तर हात दगड होतो. घेतेस?"

तमालिनीने आपल्या बोटांकडे एकदा पाहिले आणि लेखणी घेतली.

पट रंगवणाऱ्यांची रीत अशी, की आधी सीमा ओढायची, एका दमात, हात न उचलता. गावे नंतर, उरल्या जागेत. सवयीने तिने तसेच केले. टोक कागदावर फिरले आणि तिची करंगळी दगडाची झाली.

ती थांबली. नवा कागद घेतला. आधी विहीर काढली, मग चिंच सावलीसकट, मग आईची चूल. त्यानंतर रेघा, एक नव्हे, दोन. दोन्ही तुटक. वाटेत घर आले, की तिने हात उचलला. एकीशेजारी लिहिले, 'वीरधवल महाराज म्हणतात, सीमा इथे.' दुसरीशेजारी, 'रणधीर महाराज म्हणतात, इथे.' मधे लिहिले, 'तंटा मिटलेला नाही. इथे माणसे राहतात.' हात मऊच राहिला.

टिटवीने दोन्ही दरबारांत हाक घातली. कलत्या उन्हात दोन्ही राजे नदीकाठी आले.

"ही रेघ फाटकी का?" वीरधवल गरजला.

"आणि माझे खोरे निळे का नाही?" रणधीराने विचारले.

तमालिनीने एका हाताने पट धरला. तिने दगडी करंगळी वर केली.

"महाराज, खोटे काढले तर असे होते. लेखणी ही इथे आहे. आपल्याला हवी तशी रेघ आपणच ओढावी."

दोघे राजे आपापल्या हाताकडे पाहत राहिले. तेवढ्यात धूम्रकेश पुढे झाला.

"द्या इकडे! दोघांनाही आवडेल अशी काढतो."

पहिल्याच फराट्याला तो कोपरापर्यंत दगड झाला.

मग राजांनी मुकाट्याने त्या एका पटावर आपापली मुद्रा उमटवली. जुन्या पटांतले पिवळे, निळे रंग नदीत वाहून गेले. विहिरीत पाणी वाजले. सावली चिंचेखाली येऊन बसली. आईच्या घरात तवा अजून चुलीवर होता आणि भाकरी करपलेली नव्हती.

"आलीस?" आई म्हणाली. "हात धू आधी."

तंटा राजांनी बोलून सोडवायचा ठरला. तो बरीच वर्षे चालला. त्यात कोणाचे घर मात्र पुन्हा विरले नाही. तमालिनीची करंगळी तेवढी थंड राहिली. टिटवी अजूनही काठावर अंडी घालते, दोन रेघांच्या मधे, तमालिनीने पटावर हात उचलला होता तिथे.