रांजणातल्या चिठ्ठ्या

कोणे एके काळी एका राजाला भारी हौस होती, पहिला नंबर कोणाचा ते ठरवायची. आंबा कोणाचा गोड, बैल कोणाचा चपळ, सगळं ठरवून झालं. मग त्याच्या मनात आलं, आपल्या राज्यात सगळ्यांत हुशार गाव कोणतं?

लगेच राजवाड्यासमोर वीस कोडी टांगली गेली. शेजारी रांजण ठेवला. ज्याला वाटेल त्याने यावं, उत्तरं आणि गावाचं नाव लिहून चिठ्ठी रांजणात टाकावी. महिन्याने चिटणीसबाईंनी चिठ्ठ्या तपासल्या, गावागणिक सरासरी काढली आणि यादी लिहिली. राजधानी पहिली, नदीपलीकडचं पल्याडगाव शेवटचं.

राजाने यादी वाचून हुकूम सोडला, "पल्याडगावची शाळा उठवा! पालथ्या घड्यावर पाणी कशाला? तिथल्या गुरुजींना राजधानीत आणा."

चिटणीसबाई चपापल्या. यादी त्यांच्याच हातची. भागाकार बिनचूक होता, तरी मनाला चैन पडेना. अख्खं गाव मठ्ठ? असं कसं असेल? बघावं तरी, म्हणून त्या नावेत बसून पल्याडगावला गेल्या.

तिथे एक विणकरीण मागावर बसली होती. बाईंनी विचारलं, "कोडी सोडवायला का नाही आलीस गं?"

"सुगी सोडून कशी येणार, बाई? आमच्यातले दोघंच गेले होते. एक रेडा विकायला गेलेला. रेडा दावं ओढत होता, म्हणून चार उत्तरं खरडून पळाला. दुसऱ्याला लिहिता येत नाही. त्याने कुणाकडून तरी गावाचं नाव तेवढं लिहून घेतलं. पण कोडी काय होती हो? सांगा की!"

बाईंनी तीन कोडी घातली. हातातला धोटा न थांबवता तिने दोन सोडवली. तिसऱ्याला अडली आणि खळखळून हसली.

बाईंना स्वतःचीच लाज वाटली. सरासरी दोनच चिठ्ठ्यांची होती, आणि नेमकं तेच यादीत लिहायचं राहिलं होतं! परत येऊन त्यांनी सगळा रांजण पुन्हा उपसला. आता गप्प बसलं तर नोकरी टिकणार होती आणि शाळा जाणार होती.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात त्या म्हणाल्या, "महाराज, यादी चुकली. चूक माझी. पल्याडगावच्या चिठ्ठ्या दोन, राजधानीच्या तीनशे. त्यांतही कित्येक जण पुन्हा पुन्हा आलेले. या अकरा तर एकाच हाताच्या! पहिलीत पाच उत्तरं बरोबर, शेवटच्या चिठ्ठीत वीसच्या वीस."

"कोण तो लबाड?" राजा गरजला.

बाईंनी चिठ्ठ्या पुढे केल्या. राजाने अक्षर पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले.

"सातवं कोडं फार अवघड होतं हो," राजा हळूच म्हणाला. मग त्याने घसा खाकरला. "शाळा राहू द्या. पण मग सगळ्यांत हुशार गाव कोणतं?"

"ठाऊक नाही, महाराज. या रांजणातून ते कळायचंच नाही."

तात्पर्य: मोबाइलवर कुणी बुद्धीच्या चाचणीवरून केलेली हुशार गावांची किंवा देशांची यादी धाडली, तर पहिला कोण हे मागाहून बघा; चिठ्ठ्या किती, कोणाच्या आणि कितव्यांदा टाकलेल्या, हे आधी विचारा.